काहीच न करण्याचं पुस्तक आणि चार फुटांची बाल्कनी

इन्स्टाग्रामवर 'टेरेस गार्डन' असं दोन-तीनदा शोधलं, की पुढच्या वेळी मासानोबू फुकुओका भेटतातच. पांढरी दाढी, पायाशी भाताचं शेत, मागे बासरी आणि वर 'काहीही न करता शेती' अशा अर्थाचं एखादं इंग्रजी वाक्य. त्यानंतर कुणीतरी आपल्या गच्चीतले टोमॅटो दाखवतं आणि सांगतं, झाडांच्या मागे लागू नका, त्यांचं त्यांना कळतं. शनिवारी रात्री ऑफिसच्या कामाने डोकं भणभणलेलं असताना हे फार बरं वाटतं. जगात एक तरी काम असं आहे, जे न केल्याने चांगलं होतं!

मला 'द वन-स्ट्रॉ रेव्होल्यूशन' असंच भेटलं. एका काडातून क्रांती होऊ शकते, असं सांगणारं हे पुस्तक जपानीत १९७५ साली आलं. तीन वर्षांनी अमेरिकेत त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला. अनुवादकांपैकी लॅरी कॉर्न स्वतः फुकुओकांच्या शेतावर राहिलेले. प्रस्तावना वेंडेल बेरींची. पुस्तक लहान आहे, प्रकरणं त्याहून लहान. मेट्रोत दोन स्टेशनांमध्ये एक प्रकरण संपतं. फोनवर वाचायला इतकं सोयीचं शेतीचं पुस्तक मी दुसरं पाहिलेलं नाही. मी ते मार्च महिन्यात चार दिवसांत संपवलं आणि मे महिन्यात माझा कढीलिंब मेला.

या दोन गोष्टींचा संबंध आहे, म्हणून हा लेख.

कढीलिंब आजीकडचा होता. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या घरामागे परडं होतं आणि परड्याच्या कोपऱ्यात कढीलिंबाचं जुनं झाड. कढीलिंबाच्या मुळांना फुटवे येतात. त्यातलाच एक आजीने मातीच्या गोळ्यासकट काढून, ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीने पाठवला होता. आजी गेली. नंतर घराची वाटणी झाली, परड्यात पेव्हर ब्लॉक बसले, तिथे आता गाडी लागते. झाड गेलं. म्हणजे पुण्यात तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या चार बाय नऊच्या बाल्कनीतली ती कुंडी हेच काय ते परडं उरलं होतं.

पुस्तक वाचून मी माती उकरणं बंद केलं, खत बंद केलं, पाणी कमी केलं. मे महिन्यात आठ दिवस बाहेरगावी गेले, तेव्हा शेजारच्या काकूंकडे किल्ली दिली नाही. विसरले नव्हते, मुद्दाम दिली नाही. परत आले तर पानं खाली पडलेली. आईने खोड नखाने खरवडून पाहिलं आणि म्हणाली, "हिरवं नाही गं काही." ती रागावली नाही. संध्याकाळी भाजी निवडताना मात्र तिने विचारलं, "त्या पुस्तकात पाणी घालू नका असं लिहिलं होतं का?"

पुस्तकाविषयी मला आजवर विचारला गेलेला हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे. उत्तर शोधायला मी ते दुसऱ्यांदा वाचलं.

*

असं लिहिलेलं नाही. उलट पुस्तकाच्या सुरुवातीच्या भागातच एक गोष्ट आहे, जी मी पहिल्या वाचनात भर्रकन ओलांडली होती.

फुकुओका जन्माने शेतकरी, पण शिक्षणाने वनस्पतींच्या रोगांचे अभ्यासक. जन्म १९१३ चा, शिकोकू बेटावरच्या एहिमे प्रांतातला. तरुणपणी योकोहामाच्या कस्टम्स खात्यात येणाऱ्या-जाणाऱ्या रोपांची तपासणी करण्याची नोकरी. पंचविशीत मोठं आजारपण आलं. त्यातून उठल्यावर एका पहाटे त्यांना वाटलं, की माणसाचं सगळं ज्ञान आणि सगळी धडपड निरर्थक आहे. नोकरी सोडून ते घरी आले. वडिलांची संत्र्याची बाग होती, भरभरून फळं देणारी. ती त्यांनी ताब्यात घेतली आणि आपला शोध तिच्यावर आजमावला. छाटणी बंद, सगळंच बंद. फांद्या एकमेकींत गुंतल्या, कीड पडली आणि सबंध बाग वाळून गेली.

मुलाला साक्षात्कार झाला आणि बापाची झाडं मेली. मी हे वाचलं तेव्हा फोन खाली ठेवला.

इथून पुढे फुकुओका जो फरक करतात, तो या पुस्तकाचा कणा आहे. नैसर्गिक शेती वेगळी आणि झाड वाऱ्यावर सोडणं वेगळं. ज्या झाडाला माणसाने आधीच कापून, वळवून स्वतःच्या हातावर आणलं आहे, त्याच्याकडे अचानक पाठ फिरवली तर ते निसर्गाकडे परत जात नाही, मरतं. कारण त्याचा नैसर्गिक आकार आपण आधीच हिरावून घेतलेला असतो.

आता ही कसोटी कुंडीला लावा. जमिनीतलं झाड पाणी शोधत खाली जातं, बाजूला जातं. कुंडीतल्या झाडाला दहा-बारा इंचांवर भिंत लागते. एप्रिल-मेमध्ये ती भिंत चारी बाजूंनी तापते. पाणी घालावं तर मातीतला कस खालच्या भोकातून वाहून जातो, न घालावं तर दोन दिवसांत माती कडेपासून सुटते. वरच्या मजल्याच्या स्लॅबमुळे माझ्या बाल्कनीत पाऊससुद्धा तिरका आला तरच येतो. कुंडी म्हणजे मुळांची छाटणीच. ती आपण केलेली आहे. तेव्हा त्या झाडाचं पाणी आणि अन्न ही जबाबदारीही आपलीच.

हे मी स्वतःच्या डोक्याने काढलं म्हणून मिरवणार होते, पण फुकुओकांनी ते जवळजवळ सांगून ठेवलं आहे. भाज्यांवरच्या प्रकरणात डोंगरउतारावर बिया फेकून भाज्या रानासारख्या कशा वाढवायच्या, हे ते रंगवून सांगतात. त्याच प्रकरणात घरामागच्या बागेबद्दल ते अगदी साधं बोलतात: योग्य भाजी योग्य हंगामात लावा आणि जमिनीला कुजलेलं खत घाला. बस. तयार कंपोस्ट घालायचं नाही हे त्यांच्या चार प्रसिद्ध तत्त्वांपैकी एक, पण घरच्या बागेपाशी येताच ते स्वतः त्याला अपवाद करतात. पुढे जुन्या जपानी घरांचं वर्णन येतं. मागच्या अंगणात फळझाडांखाली खेळणारी मुलं, स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं खाऊन माती उकरणारी डुकरं.

हे वाचताना मला आमचं परडं दिसलं. मोरीचं पाणी जिथे वाहायचं तिथे अळू, पुढे कर्दळ, त्याच्याही पुढे केळ. चुलीतली राख दोडक्याच्या वेलावर. खरकटं कोंबड्यांना, कोंबड्यांची घाण उकिरड्यावर आणि पावसाआधी उकिरडा शेतात. एकाचं संपायचं तिथून दुसऱ्याचं सुरू व्हायचं. रीलवाल्यांना या पुस्तकातून फक्त डोंगरावरचा म्हातारा सापडला. ही दोन-तीन परिच्छेदांची परसबाग कुणाला दिसली नाही. मलाही दिसली नव्हती.

*

'काहीच न करणं' या शब्दांचा घोळ पुस्तकभर आहे. तो आपण घातलेला नाही, लेखकाने घातलेला आहे. फुकुओका वर्षभर नेमकं काय करतात ते एकदा बघा.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला उभ्या भातातच क्लोव्हरचं बी फेकायचं, मग जवाचं. भात कापून, झोडपून झाला की सगळा पेंढा परत त्याच शेतावर पसरायचा. पुढच्या वर्षीच्या भाताचं बी पाखरांनी, उंदरांनी खाऊ नये म्हणून चिकणमातीच्या गोळ्यांत घोळवायचं आणि हिवाळ्याच्या तोंडावर टाकून ठेवायचं. मे महिन्यात जव काढायचा, त्याचा पेंढा पुन्हा शेतावर. जूनमधल्या पावसात आठवडाभर पाणी कोंडायचं, म्हणजे क्लोव्हर आणि तण जरा दबतं आणि भात डोकं वर काढतो. मग पाणी सोडून द्यायचं. वरून थोडं कोंबडीखत.

हे काहीच न करणं नाही. हे घट्ट वेळापत्रक आहे. नांगरणी, रासायनिक खत, निंदणी, फवारणी ही चार कामं त्यातून गेली आहेत, पण ती जायला त्यांना तीसेक वर्षं लागली. इतर लोक विचारतात, आणखी काय घालू? फुकुओका विचारतात, यातलं काय वगळू? वगळण्यासाठी ते काम नेमकं काय साधत होतं हे कळावं लागतं आणि तेच काम दुसरं कोण करेल, हेही. नांगराचं काम मुळं आणि गांडुळं करतात, युरियाचं काम क्लोव्हर करतं, फवारणीचं काम कोळी आणि बेडूक करतात. माझ्या कुंडीत मी पाणी वगळलं, तेव्हा ते काम कोण करणार होतं? कुणीच नाही. माझं वगळणं हा आळस होता. त्याला मी जपानी नाव दिलं होतं, एवढंच.

पेंढ्याबद्दलचा बारकावा मला सगळ्यात आवडतो. पेंढा कापायचा नाही आणि नीटनेटका रचायचा नाही. झाड मोडून पडावं तसा कसाही, वेडावाकडा फेकायचा. छान एका रांगेत अंथरला तर त्याची चटई होते आणि खालचे कोंब वर येत नाहीत. हे वाक्य वाचून मी माझ्या बाल्कनीकडे पाहिलं. एका उंचीच्या पांढऱ्या कुंड्या, वर एकसारखे पांढरे खडे. फोटो उत्तम यायचा. खाली कोण गुदमरत होतं, हे खडे काढल्याशिवाय कळणार नव्हतं.

*

दुसऱ्या वाचनात पुस्तकाची दुखणीही दिसली. ती लपवण्यात अर्थ नाही.

पहिलं दुखणं श्रमांचं. फुकुओकांकडे सव्वा एकर भातखाचरं आणि साडेबारा एकर संत्र्याची बाग होती. या डोंगरावर मातीच्या झोपड्यांत तरुण मुलं-मुली येऊन राहत. झऱ्यावरून बादल्यांनी पाणी आणत, लाकडं फोडत, चुलीवर रांधत, शेतात राबत. ही माहिती मिळते ती मुख्यतः लॅरी कॉर्न यांच्या प्रस्तावनेतून. फुकुओकांच्या स्वतःच्या तत्त्वज्ञानात या हातांना फारशी जागा नाही. आपण परसबागेच्या आठवणी काढतो, तेव्हा हेच करतो. 'आपोआप यायचं सगळं', असं माझे काका अजूनही म्हणतात. आपोआप नव्हतं येत. आजी पहाटे उठून राख काढायची, मोरीच्या पाण्याला पाट करून द्यायची, दुपारी सगळे झोपले की उकिरडा सारखा करायची. जे काम बाई करते आणि ज्याचे पैसे मिळत नाहीत, ते निसर्गाच्या नावावर जमा होतं. 'निसर्ग करतो' असं कुणी म्हटलं की आता मी घरात कोण कोण आहे ते विचारते.

दुसरं दुखणं जागेचं. शिकोकूचा हिवाळा सौम्य आणि पाऊस वर्षभर थोडाफार असणारा. आपल्याकडे देशावर चार महिने पाऊस आणि मग आठ महिने आभाळ कोरडं. हवामान बदललं की त्यांच्या तपशिलांनाही रजा द्यावी लागते. ज्यांना हे कळलं, त्यांनी फुकुओकांची नक्कल केली नाही. महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या उंबरगावजवळ भास्कर सावे यांनी (१९२२–२०१५) 'कल्पवृक्ष' ही बाग उभी केली. तिथे पाण्यासाठी चर आणि झाडांसाठी उंच गादीवाफे अशी त्यांची स्वतःची रचना आहे. फुकुओकांनी ती बाग पाहिली आणि वाखाणली. चर खणणं म्हणजे काही तरी करणंच की. पण कुठे काय करायचं हे जमिनीला विचारून ठरवलेलं.

तिसरं दुखणं विज्ञानावरच्या रागाचं. विज्ञान तुकडे पाडतं आणि सबंध निसर्ग त्याच्या हातून निसटतो, असं ते पुनःपुन्हा सांगतात. रासायनिक शेतीचा दुष्परिणाम डोळ्यांसमोर असणाऱ्या माणसाचा हा राग समजतो. पण ते स्वतः बारीक निरीक्षण करणारे वैज्ञानिक होते म्हणून तर त्यांना कोळी आणि तुडतुडे यांचा हिशेब जमला. मराठी वाचकाने यावर उतारा म्हणून श्री. अ. दाभोळकर वाचावेत. कोल्हापूरचे, गणिताचे प्राध्यापक, 'प्रयोग परिवार' उभा करणारे. त्यांच्या 'विपुलाच सृष्टी'त पान किती ऊन पकडतं, त्यातून दिवसाला किती वाळलेला पाला तयार होऊ शकतो, असे हिशेब असतात. फुकुओका म्हणतात, मोजणं सोडा. दाभोळकर म्हणतात, सामान्य शेतकऱ्याने आणि घरातल्या बाईनेही मोजावं, म्हणजे तिला तज्ज्ञांच्या दारात उभं राहावं लागणार नाही. माझा कल दाभोळकरांकडे आहे. बाल्कनीत ऊन किती तास येतं हे मी मोजलं असतं, तर वांगं लावून वर्षभर त्याच्या फुलांची वाट बघत बसले नसते. तिथे अडीच तास ऊन येतं. तिथे पुदिना आणि अळू होतं, वांगं होत नाही.

*

या पुस्तकाचं आपल्याकडे आज जे झालं आहे, ते मात्र लेखकाच्या माथी मारता येणार नाही. कमीत कमी विकत घ्या, बाहेरून काही आणू नका, हे ज्या पुस्तकाचं सांगणं, त्याच्या नावाखाली मला गेल्या वर्षी कोकोपीटच्या विटा, ग्रो बॅग, तीन प्रकारची द्रावणं आणि 'सीड बॉल किट' विकलं गेलं. मी घेतलंही. माझ्या पहिल्या चार मिरच्या हिशेब केला तर सोन्याच्या भावाने पडल्या. कोकोपीट वाईट नाही, पाणी धरून ठेवतं, पण झाडाला त्यातून अन्न जवळपास मिळत नाही. म्हणजे मग खत विकत घ्या. प्लास्टिकची ग्रो बॅग उन्हात दोन-तीन वर्षांत विरते आणि तिचे तुकडे मातीत राहतात. 'शाश्वत' हा शब्द पाकिटावर छापलेला असला, तरी पाकीट कचऱ्यातच जातं.

सीड बॉलचं तर आता सणासारखं झालं आहे. जूनमध्ये बस करायची, माळावर जाऊन मातीचे गोळे फेकायचे, फोटो काढायचे, मिसळ खायची, परत. फुकुओकांच्या गोळ्यात कुठलं बी आहे, ते कुठल्या आठवड्यात, कुठल्या पिकाच्या पायाशी पडणार आहे, हे ठरलेलं असायचं. आणि बी टाकणारा माणूस तिथेच राहायचा. आपल्याकडचे गवताळ माळ ओसाड दिसतात, पण ते ओसाड नसतात. तिथे गवत असतं, माळढोक-धाविकासारख्या पक्ष्यांची वस्ती असते, मेंढपाळांची चराई असते. तिथे झाडांचं बी फेकणं ही दर वेळी सेवा नसते. शिवाय जून संपल्यावर त्या रोपाकडे कुणी बघायला जात नाही. हे माझ्या आठ दिवसांच्या सुट्टीसारखंच झालं.

मग हे पुस्तक वाचावं की नाही? वाचावं. या पुस्तकाने मला दोन गोष्टी दिल्या, त्या कुठल्याही रीलने दिल्या नसत्या. एक, मी माती उघडी ठेवत नाही. आमच्या सोसायटीत रेन ट्रीचा पाला रोज झाडून कोपऱ्यात पेटवला जायचा. आता झाडणाऱ्या मावशी एक पोतं माझ्यासाठी बाजूला ठेवतात. तो पाला कुंड्यांवर, वेडावाकडा. उरलेला भोकं पाडलेल्या जुन्या बादलीत, भाजीच्या देठांबरोबर थरावर थर. वास आला तर पाला कमी पडला आहे, सुकं राहिलं तर देठं कमी पडली आहेत, एवढं शास्त्र मला पुरतं. पांढरे खडे मी शेजारच्या मुलाला फिश टँकसाठी दिले. आणि दोन, काही करण्याआधी मी विचारते की हे नाही केलं तर काय होईल. बऱ्याचदा उत्तर येतं, काही नाही. पाण्याच्या बाबतीत उत्तर येतं, मरेल.

तुम्ही वाचणार असाल तर वडिलांच्या बागेचं पान दोनदा वाचा. फुकुओकांनी ते थोडक्यात आटोपलं आहे आणि मला वाटतं तो या पुस्तकातला सगळ्यात मोठा दोष आहे. त्या वाळलेल्या बागेकडे बघून वडील काय म्हणाले असतील, यावर एक प्रकरण असतं, तर हे पुस्तक कमी लोकांनी फोटोखाली चिकटवलं असतं आणि जास्त लोकांनी समजून घेतलं असतं. माझ्यासारख्या एखाद्या वाचकाची कुंडीही वाचली असती. पुढे आयुष्यभर त्यांनी जे केलं, ते मला त्या बागेची भरपाई वाटतं.

ऑगस्टमध्ये मी नर्सरीतून कढीलिंबाचं नवं रोप आणलं. त्याच कुंडीत, तीच माती बादलीतल्या खतात मिसळून लावलं. रोज सकाळी सातला मी त्याला पाणी घालते. बाहेरगावी जाते तेव्हा किल्ली काकूंकडे असते. रोप चांगलं वाढतंय. परवा आईने फोडणीसाठी पहिल्यांदा त्याची पानं तोडली, बोटांत चुरगळून नाकापाशी नेली.

"वास कमी आहे," ती म्हणाली आणि पानं तेलात टाकली.